पार्किंग ग्रुप: बेसमेंटमधला जळका वास

बी-२०३: काल रात्री साडेअकराला बेसमेंटमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास होता. सकाळी पोरांना सोडायला गेले तेव्हाही होता. कोणाची गाडी ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

बी-५०१: नाव नको, फ्लॅट नंबर चालेल 😄

सी-४०४: ताई, माझीच गाडी. लपवत नाहीये. गाण्यांच्या ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) मेन फ्यूजचा होल्डर वितळलाय. गंमत म्हणजे फ्यूज उडालाच नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

बी-२०३: गंमत???

ए-१०२: माझा मुद्दा. बेसमेंटमध्ये धुराचे सेन्सर लावा असं मी मागच्या मीटिंगमध्ये बोललो होतो. मिनिट्समध्ये आलेलं नाही.

सेक्रेटरी: आलंय. दुसरं पान.

डी-७०१ काका: फ्यूज कितीचा?

सी-४०४: १०० अँपिअरचा, काका.

डी-७०१ काका: १५० चा टाक. विषय संपला.

सी-६०२: काका, राग मानू नका, पण हे अजिबात नको. फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. वायरीला झेपतं त्याहून मोठा फ्यूज टाकला की वायर स्वतःच फ्यूजचं काम करते, आणि ती असते मॅटखाली, सीटखाली. शिवाय इथे फ्यूज उडालेलाच नाही. न उडालेला फ्यूज मोठा करून काय साधणार?

डी-७०१ काका: आम्ही उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून गाड्या पळवल्यात. काही झालं नाही.

डी-७०१ काकू: कोणाच्या पाकिटातला?

डी-७०१ काका: (हा मेसेज डिलीट केला आहे)

बी-५०१: काका आता खरा शॉर्टसर्किट 😂

सी-४०४: दादा, पण मग होल्डर वितळला कसा? करंट जास्त गेला असता तर फ्यूज उडायला हवा ना?

सी-६०२: करंट जास्त गेलाच नाही. जोड सैल होता. तुझा ॲम्प १००० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देऊ शकतो ती पॉवर), क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार). जोरात वाजवलास की ८०-९० अँपिअर ओढतो. होल्डरचा स्क्रू सैल होऊन तिथे नुसता ५ मिलिओहम रोध आला, तर ८० अँपिअरला त्या एका जागी ३२ वॉट उष्णता. सोल्डरिंगची छोटी आयर्न २५ वॉटची असते. फ्यूजला ८० च दिसतात, तो बिचारा का उडेल?

ए-१०२: म्हणजे फ्यूज असूनही आग लागू शकते. म्हणूनच सेन्सर.

सेक्रेटरी: सर, नोंद घेतली आहे.

ए-१०२: नोंद मागच्या वेळीही घेतली होती.

सी-६०२: होल्डर आहे कुठे? बॅटरीजवळ?

सी-४०४: नाही, आत. ड्रायव्हरच्या पायाशी. बॉनेटमध्ये जागा नव्हती म्हणाला तो वायरिंगवाला.

सी-६०२: हे वासापेक्षा वाईट आहे. मेन फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटरवर पाहिजे. तुझी बॅटरी ते फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ही अख्खी वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवाय आहे. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवतात ती कडी) आहे का?

सी-४०४: टेप आहे.

सी-६०२: टेप!! पत्र्याच्या धारेवर घासून इन्सुलेशन गेलं की बॅटरी थेट बॉडीला. पुढे पायाशी बसलेला फ्यूज त्यात काहीच करू शकत नाही. आत्ता जा, बॅटरीची निगेटिव्ह काढ. निगेटिव्हच आधी, नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणग्या.

बी-२०३: म्हणजे इतके दिवस माझी गाडी याच्या शेजारी उभी होती.

सी-४०४: सॉरी ताई. काढली निगेटिव्ह. वायर ४ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) आहे.

सी-६०२: टोक पात्याने खरवड. आत तांबूस की पांढरट?

सी-४०४: पांढरट चमकतंय.

सी-६०२: तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के. तरी काका सांगतायत १५० टाक.

डी-७०१ काका: मी सुचवलं होतं फक्त.

बी-५०१: विषयाला धरून, माझी बॅटरी दोन दिवस गाडी उभी राहिली की उतरते. दादा तुम्ही आहातच तर...

सी-६०२: गाडी लॉक करून निदान अर्धा तास थांबा, सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपू द्या. मग फ्यूज न काढता प्रत्येकाच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट बघा. जिथे शून्य येत नाही, तिथून करंट जातोय. सगळा मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक.

सेक्रेटरी: सर्वांना आठवण: पार्किंगमध्ये गाडीची दुरुस्ती करण्यास मनाई आहे.

बी-५०१: नळ लावून गाड्या धुतात ते चालतं. कोण ते सेक्रेटरींना विचारा.

सेक्रेटरी: वैयक्तिक टीका नको. ती पाण्याची गोष्ट मिटली आहे.

ए-१०२: माझा मुद्दा परत मांडतो.

सी-४०४: (सायंकाळी ७:१०) अपडेट. नवा होल्डर बॅटरीजवळ बसवला, ग्रोमेट टाकला. वायर मात्र अजून तीच, अस्सल तांब्याची उद्या येईल. दादांनी सांगितलं तसं मोजलं: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं ॲम्पच्या पॉझिटिव्हवर, आणि आवाज चालू. ०.६ व्होल्ट. तसंच निगेटिव्हकडे, ०.७.

सी-६०२: निगेटिव्हची वायर अर्ध्या मीटरची आणि ड्रॉप (वाटेत गेलेले व्होल्ट) पॉझिटिव्हपेक्षा जास्त? अर्थ (निगेटिव्हचा बॉडीला जोड) कुठे घेतलाय?

सी-४०४: डिकीत, बोल्टला. बघतो... बोल्टखाली रंग आहे. पूर्ण रंगावरच कसलाय!

सी-६०२: पॉलिश पेपरने पत्रा उघडा कर, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळ, वरून ग्रीस. रविवारी तू म्हणालास बॅटरीवर १३.८ आणि ॲम्पवर १२.१, आठवतं? १.७ गेले होते. ०.६ आणि ०.७ आता सापडले. उरलेले ०.४ त्या जुन्या होल्डरचे. ८० अँपिअर गुणिले ०.४, बघ किती येतात.

सी-४०४: ३२ वॉट!! तोच आकडा.

बी-२०३: मोजायला आवाज किती वेळ चालू होता ते मी सांगते. सात मिनिटं. माझ्या कपाटातल्या कपबशा वाजत होत्या.

सी-४०४: ताई, रंग खरवडल्यावर परत एकदा मोजावं लागेल. दोनच मिनिटं.

बी-२०३: नऊच्या आत.

डी-७०१ काका: नव्या वायरीबरोबर तरी १५० चा चालेल का?

डी-७०१ काकू: तुम्ही खाली या आधी. पाकिटाचं बोलायचंय.