क्रोन्स: पोट शांत, एचबी १३.२, तरी एवढा थकवा कशानं?

अडतवाला_लातूर:
नमस्कार मंडळी. वय ३४. क्रोन्स (आतड्याला सूज येत राहणारा आजार) आहे असं कळून ४ वर्षं झाली, त्याच्या आधी ६ महिने आतड्याचा टीबी समजून गोळ्या खाल्ल्या ते वेगळंच. दोन वर्षाखाली ऑपरेशन झालं, लहान आतड्याचं शेवटचं टोक फूटभर काढलं. आता जुलाब नाहीत, पोट दुखत नाही, सगळे म्हणतात बरा झालास. पण दुपारचे १२ वाजले की अंगातलं वारंच जातंय. मोंढ्यात अडतीवर हिशोबाला आहे मी, परवा तुरीची पट्टी लिहिता लिहिता आकडाच सुचेना, शेतकरी समोर उभा आणि मी नुस्ता पेन धरून. रात्री ९ तास झोपून पण सकाळी हमाली करून उठल्यावानी वाटायलंय. आई म्हणते आळस भरलाय. एचबी (हिमोग्लोबिन) १३.२ म्हणून डॉक्टर म्हणले नॉर्मल. वजन ५२. मऊ भात, वरणाचं पाणी, बिस्किट, बाकी सगळं भीतीनं सोडलंय. कुणाला असं व्हायलंय का?

कणगी_बीड:
दादा आळस नाही हा. मी पण दोन वर्षं हेच ऐकलं. डब्यात पीठ आहे म्हणून कणगीत ज्वारी आहे असं थोडंच असतंय? एचबी म्हणजे डब्यातलं पीठ, कणगी म्हणजे अंगात साठलेलं लोह, ते बघायचं तर फेरिटिन करा. आणि त्यात पण गंमत आहे, अंगात सूज असली की फेरिटिन उगंच वाढून दिसतं, म्हणून सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) वाढलेलं असंल तर १०० पर्यंतचं फेरिटिन पण कमीच धरतात, सूज नसंल तर ३० च्या खाली. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहिलं जातंय ते) पण सांगा लॅबवाल्याला.

मोफत_सल्ला:
रोज बीटचा ज्यूस अन् गूळ शेंगदाणे, १५ दिवसात फरक 👍

कणगी_बीड:
भाऊ, गूळ शेंगदाण्यावर भागलं असतं तर मराठवाड्यात कुणी थकलंच नसतं 😄

वॉर्डातली_नांदेड:
फूटभर आतडं काढलंय म्हणलात ना, बी१२ बरोबर त्याच टोकाला शोषलं जातं. २० सेंटीमीटरच्या वर काढलं की ते कमी पडायची भीती राहतेच, आणि बऱ्याच जणांना इंजेक्शन घ्यावं लागतं. व्हिटॅमिन डी, फॉलिक अ‍ॅसिड, थायरॉइड पण एकदाच करून घ्या. दुसरं म्हणजे पोट दुखत नाही म्हणून आतडं शांत आहे असं नसतंय, शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट विचारा पोटाच्या डॉक्टरला, आतड्यातली सूज त्यात कळते. आणि भात बिस्किटावर प्रोटीन कुठून येणार हो, दंडाचं मांस उतरलं की थकवा येणारच. आतडं कुठं अरुंद नसंल तर अंडी, दही, घट्ट वरण, भाकरी हळूहळू चालू करा, पण अरुंद आहे का ते आधी विचारा, तसं असंल तर चोथ्याचं खाऊन अडकतंय.

अडतवाला_लातूर:
रिपोर्ट आले. फेरिटिन ३८, सॅच्युरेशन ११ टक्के, बी१२ १४८, सीआरपी १४. लोहाचं सलाईन आणि बी१२ ची इंजेक्शनं लिहून दिलीत, कॅलप्रोटेक्टिन सोमवारी. अरुंद कुठं नाही म्हणले. आईला कागद दाखवला, काही बोलली नाही, संध्याकाळी वरणात भाकरी चुरून दिली, वर एक उकडलेलं अंडं. ताई, सलाईनला अर्ध्या दिवसाची सुट्टी पुरंल का? सीझन आहे.

कणगी_बीड:
औषध कोणतं त्यावर आहे. मला अर्धा तास लागला, मग अर्धा तास बसवून ठेवलं रिअ‍ॅक्शन येते का बघायला. पुरंल.