पेनेलोपी 'नुसती रडते'? साफ असहमत

उंबरठा : काल ग्रीक महाकवी होमरवरच्या एका धाग्यावर वाचलं, "होमरच्या बायका म्हणजे युद्धाचं निमित्त, नाहीतर नवऱ्यासाठी डोळे गाळणाऱ्या. पेनेलोपी वीस वर्षं रडण्यापलीकडे करते काय?" डोकंच फिरलं. पेनेलोपी म्हणजे होमरच्या 'ओडिसी'तल्या ओडिसियसची बायको; तो ट्रॉयच्या युद्धावर गेलेला, वीस वर्षांनी परततो. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा काढतेय.

काय करते? सासऱ्याचं कफन विणून झालं की लग्न करते, असं सांगून ते दिवसा विणते, रात्री मशालीच्या उजेडात उसवते आणि तीन वर्षं लग्नाला टपलेल्यांना झुलवते. ते १०८ जण, हिचा मुलगा टेलेमाकस कोवळा, सासरा शेतावर जाऊन राहिलेला. ओडिसियस परतल्यावरही लगेच गळ्यात पडत नाही. दासीला सांगते, "तो पलंग खोलीबाहेर काढ." पलंगाचा खांब म्हणजे जमिनीत रुजलेलं ऑलिव्हचं झाड, तो हलणार कसा! ओडिसियस भडकतो आणि खऱ्या नवऱ्यालाच ठाऊक असलेलं हे गुपित बोलून जातो. जगाला गंडवणारा माणूस बायकोच्या एका वाक्यात सापडतो.

तळघर : हुशार असून उपयोग काय? ओडिसीच्या पहिल्याच सर्गात मुलगा सांगतो, वर जा, मागावर बस, बोलायचं काम पुरुषांचं. ती जाते. होमरच्याच इलियडमध्ये, ट्रॉयच्या युद्धात, अँड्रोमाकी नवऱ्याला, ट्रॉयच्या हेक्टरला चक्क डावपेच सुचवते, अंजिराच्या झाडापाशी तटावर चढणं सोपं आहे, सैन्य तिथे ठेव. उत्तर तेच, घरी जा, माग सांभाळ. इलियडमधल्याच कुस्तीच्या बक्षिसांत तिवई बारा बैलांची आणि कामात तरबेज बाई चार बैलांची. आता बोला.

उंबरठा : किंमत होमरने लावलेली नाही, त्या समाजाने लावली. इलियडमध्ये ग्रीक योद्धा पॅट्रोक्लसच्या प्रेतावर ग्रीकांनी पकडून आणलेली ब्रिसेइस रडते तेव्हा मारला गेलेला नवरा आणि तीन भाऊ आठवते. लुटीतल्या बाईला हे बोलू देणारा कवी आहे तो. हेक्टरवरचा शेवटचा विलापही हेलनचाच, जिच्यावरून युद्ध पेटलं तिचा.

सातबारा : अवांतर : ओडिसियसच्या घरातल्या, फाशी दिलेल्या बारा दासींचं कुणी नावच काढत नाही! ओडिसियसने लग्नाला टपलेल्या त्या टोळक्याला मारल्यावर आधी त्यांच्याकडून प्रेतं उचलून घेतली, टेबलं धुवून घेतली, मग टेलेमाकसने दोराला लटकवलं. मी शाळेत वाचलेल्या गोष्टीत हा भाग गाळलेला होता. लहान मुलांना नायक स्वच्छ हवा ना.

खडूस : फितुरीची शिक्षा ती. उसवण्याचं गुपित दासीनेच फोडलं. मेलांथो या दासीला पेनेलोपीने लेकीसारखं वाढवलं, ती निघाली त्या टोळक्यातल्या युरिमाकसच्या मागे.

सातबारा : फितुरी? गुलाम बाईने नाही कसं म्हणायचं, ते सांगा. त्याच बाविसाव्या सर्गात ओडिसियस त्या टोळक्याला म्हणतो, तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केलीत. मग फाशी कुणाला?
माझी मावशी एका बड्या घरी धुणीभांडी करायची. मालकाच्या मुलाने हात धरला, कामावरून काढलं मावशीला. गावभर नाव तिचंच झालं. मला फितुरी शिकवू नका.

खडूस : मावशीबद्दल वाईट वाटलं, पण प्रत्येक चर्चेत घरची गोष्ट आणून समोरच्याचं तोंड बंद करायचं, हे चालणार नाही. जबरदस्तीचं वाक्य आहे, ठीक, तेवढं मान्य. मेलांथोचं नाही.

तळघर : एक मेलांथो सोडली तरी अकरा उरतात. आणि अवांतर कसलं, धाग्याचा खरा मुद्दा हाच आहे.

उंबरठा : निदान हे पेनेलोपीच्या माथी मारू नका. फाशीच्या वेळी ती वर झोपलेली होती.

सातबारा : होती. आणि उठल्यावर त्यांच्याबद्दल एका शब्दाने विचारत नाही.