स्टील रोखीने, मालाचे पैसे नव्वद दिवसांनी: आमच्या धंद्यावर खरा दाब कुणाचा?

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)

नमस्कार. आमच्या गाळ्यात चार सीएनसी लेथ (धातू कातणारी संगणकचालित यंत्रे) आहेत आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही पिना पुरवतो. स्टीलच्या बारचा भाव व्यापारी सकाळी फोनवर सांगतो व पैसे आगाऊ घेतो. ग्राहक मात्र दरवर्षी दर उतरवून मागतो आणि बिल नव्वद दिवसांनी चुकते करतो. त्यातच शेजारच्या गाळ्यातून तीच पिन चाळीस पैशांनी स्वस्त जाऊ लागली आहे. खरी स्पर्धा शेजाऱ्याशीच आहे, असे वडील म्हणतात. ते मला पटत नाही. आपले मत काय?

प्रतिसाद १ (रबाळे)

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी 1979 साली स्पर्धेची पाच बले मांडली: प्रतिस्पर्धी, नवे येणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि ग्राहक. आपल्याकडच्या लघुउद्योगाला यातली शेवटची दोन सर्वाधिक पिळतात, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. ड्रॉइंग ग्राहकाचे, स्टीलचा भाव गिरणीचा. तुमचे म्हणून विकायला उरतात ते केवळ मशीनचे तास, आणि तसे तास कर्जावर एक लेथ घेतलेला कोणताही हुशार ऑपरेटर विकू शकतो. शेजाऱ्याने सोडलेले चाळीस पैसे तुमच्या ग्राहकाच्याच खिशात जातात. शेजाऱ्याशी दरात झुंजू नका. हीट ट्रीटमेंट (तापवून कठीण करणे), ग्राइंडिंग (घासून अचूक माप देणे) आणि तपासणीचा अहवाल यांसह तयार जोडणी देऊ लागलात, तर ग्राहकाला तुम्हाला बदलणे जड जाईल.

प्रतिसाद २ (वाशी)

मी हिशेब तपासणीचे काम करते. आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पुढची ऑर्डर जाईल या भीतीने ते व्याज सहसा कुणी मागत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ट्रेड्सचा (थकीत बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा) मार्ग पाहा: 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकाने तेथे बिल मान्य केले की बँक व्याज कापून रक्कम लगेच देते.

प्रतिसाद ३ (महापे)

पर्यायी वस्तूंचा मुद्दा राहून गेला. या पिना वाहनात नेमक्या कुठे बसतात? ब्रेक आणि सस्पेन्शन विजेच्या गाड्यांतही लागतात; पण इंजिन किंवा क्लचचा भाग असेल, तर त्या गाड्यांत त्याची गरजच उरत नाही, मग दर कितीही उतरवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पिना क्लचच्या आहेत. ब्रेकच्या एका भागाचे ड्रॉइंग दोन महिन्यांपासून टेबलावर पडून आहे. ग्राइंडिंगसह त्याचा दर वडिलांसोबत बसून याच आठवड्यात काढतो.