मदत हवी आहे: मेलेल्या पिल्लांच्या डीएनएवरून कासवांच्या आया मोजता येतील का?

नमस्कार मंडळी,

मी पेडण्याचा, एमएससी प्राणिशास्त्र, शेवटचं वर्ष. मोरजी-मांद्रे पट्ट्यातल्या ऑलिव्ह रिडले कासवांवर प्रकल्प करायचा आहे. दरवर्षी घरट्यांचा आकडा पेपरात येतो आणि लोक तोच कासवांचा धरतात. पण एकच मादी हंगामात दोन-तीनदा अंडी घालू शकते. मग माद्या खऱ्या किती?

अंडी घालणाऱ्या मादीला सुई लावायची नाही, असं मॅडमनी बजावलंय, आणि ते योग्यच आहे. म्हणून पिल्लं समुद्रात गेल्यावर घरट्याच्या तळाशी उरलेली मेलेली पिल्लं आणि न फुटलेली अंडी वापरेन म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, तेव्हा वन खात्याची परवानगी लागणारच. त्याबद्दल विचारत नाहीये.

अडलंय ते पुढे. पिल्लाचा अर्धा डीएनए आईचा, म्हणजे एका घरट्यातली बरीच भावंडं मायक्रोसॅटेलाइटवर (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, ज्यांची लांबी प्राण्यागणिक बदलते) तपासली की आईचा जीनोटाइप, म्हणजे त्या तुकड्यांचा तिचा संच, मागून जुळवता येतो. बाप दोन-तीन असतील तर उलट सोपं, कारण सगळ्यांत फिरून फिरून येतं ते आईचं. बाप एकच असेल तर तुकड्यांची कुठली जोडी आईची आणि कुठली बापाची, कळत नाही. कोस्टा रिकात ओस्तियोनालच्या सामूहिक विणीत 92 टक्के घरट्यांत अनेक बाप सापडले, एकट्यादुकट्या विणीच्या प्लाया एर्मोसात 30 टक्केच. आपल्या गोव्यात वीण एकट्यादुकट्यानेच, त्यामुळे माझ्या वाट्याला अवघड घरटीच जास्त येणार असं धरून चाललोय.

मग दोन घरट्यांतली पिल्लं सावत्र भावंडं निघाली, तर आई एक की बाप एक? मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, तो वेगळा असेल तर आया नक्की वेगळ्या. सारखा असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

घरटं हलवावं लागतं तेव्हा ताज्या अंड्याच्या कवचावरून बोळा फिरवून आईचा डीएनए कुणी मिळवलाय का? पिल्लाचा डीएनए त्यात मिसळत नाही ना? आणि गरम वाळूत कुजलेल्या पिल्लाचा कुठला भाग घ्यावा? 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवणार आहे.

एका मित्राने भारतातल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक लालजी सिंग यांचा बीकेएम प्रोब (डीएनएची ओळख पटवायला वापरायचा डीएनएचाच तुकडा) सुचवला. तो मुळात पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून आलेला, त्यामुळे सरपटणाऱ्यांच्या प्रकल्पात शोभला असता. पण त्याला भरपूर आणि न तुटलेला डीएनए लागतो, आमच्या सडक्या मालात तो कुठला?

जीनोटाइपवरून भावंडं आणि आई-बाप ओळखणारं कॉलनी सॉफ्टवेअर आईचा नमुना नसताना कुणी चालवलं असेल तर एका घरट्यातली किती पिल्लं घेतली तेही सांगा. दहा पुरतील की वीस, यावर माझं सगळं बजेट अडकलंय.