झाडाच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढावा का?

गोदाकाठ:
यंदा आमच्या तुरीला मर लागली. फुलोऱ्यातली झाडं उभ्या जागी वाळली, बघवत नाही. पेशीत रोगाची चाहूल ओळखणारे रिसेप्टर असतात, पण झाड स्वतःच त्यांची संख्या दाबून ठेवतं, असं वाचलं. अराबिडॉप्सिस या प्रयोगातल्या रोपात सीपीआर१ हे प्रथिन एसएनसी१ या रिसेप्टरवर युबिक्विटिनची, म्हणजे 'हे मोडा' अशी खूण लावतं आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. रोगाशी लढणाराच का मारायचा? २०२५ मध्ये जीनोम एडिटिंगचे, म्हणजे झाडाच्याच जनुकांत नेमका बदल केलेले भात जाहीर झाले. तुरीतला असा ब्रेक काढाच.

परभणीकर:
दादा, तुमचं नुकसान कळतं, पण यात घात आहे. सीपीआर१ बंद पडलं की एसएनसी१ साठतो आणि रोग नसतानाही झाड लढत बसतं. खुजं राहतं, पानं मुरडतात. ब्रेक शाबूत असतानासुद्धा प्रतिकार फुकट मिळत नाही. २००३ मध्ये छापलेल्या शेतातल्या चाचणीत आरपीएम१ हा एकच रिसेप्टर असलेल्या रोपांना बी ९ टक्के कमी आलं.

बांधावरचा:
९ टक्के? मर लागली की पट्टेच्या पट्टे जायलेत. मी ९ टक्के सोडतो, बाकी पदरात पडू द्या.

परभणीकर:
एका रिसेप्टरचा हिशोब मलाही पटतो. पण अराबिडॉप्सिसमध्ये अशा रिसेप्टरची जनुकं दीडशेच्या आसपास आहेत, सगळ्यांचा ब्रेक काढला तर दाणा भरायला उरेल काय? आपल्या कपाशीकडे बघा. एमआयआर४८२ कुळातले मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचे चिमुकले तुकडे, रिसेप्टर बनवायचे जनुकांचे संदेश कापत राहतात. व्हर्टिसिलियम बुरशी शिरली की हे मायक्रोआरएनए घटतात आणि रिसेप्टर वाढतात. म्हणजे ब्रेक झाडच सैल करतं, वेळेवर. शिवाय उष्णता. तंबाखूतला एन हा रिसेप्टर २८ अंशांच्या वर मोझॅक विषाणूला रोखू शकत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी पारा कुठं असतो?

गोदाकाठ:
मग मुळापुरताच सैल करा. मरीची बुरशी मुळातूनच शिरते ना? पानं-शेंगांना धक्का कशाला?

परभणीकर:
हे मात्र पटतं, मी इतका विचार केला नव्हता. पण तुरीत त्या बुरशीला नेमका कोणता रिसेप्टर ओळखतो, ते आधी हाती लागलं पाहिजे. तोवर बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीएसएमआर ७३६ हे तुरीचं वाण आहे, मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक. तुमचं वाण कोणतं होतं?

गोदाकाठ:
घरचंच बी. आजीनं राख लावून गाडग्यात ठेवलेलं. नाव तिलाही ठाऊक नाही.