‘खेड्यातल्यांनी विचारू नये’ म्हणे! ससे काय फ्लॅटमध्येच जन्मले होते?

कपाशीवाला (यवतमाळ जिल्हा)
नागपूरच्या एका ताईंची कालची पोस्ट: कोणीतरी टाकून दिलेले दोन ससे, नर-मादी, दोघांची नसबंदी झालेली, जोडीनेच द्यायचे. इथवर पटलं. शेवटी मात्र, “खेड्यातल्या घरांनी कृपया विचारू नये.” का बुवा? हे ससे टाकले कोणी? पोराच्या वाढदिवसाला आणायचे आणि लेंड्या-मुताचा वास आला की बागेत सोडायचे, हे धंदे शहरातले. आमच्या घराला मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. मे महिन्यात तुमच्या स्लॅबखाली अंडी उकडतील, आमच्या मधल्या खोलीत माणूस झोपतो. हरळी तर बांधावर फुकट.

नागपूरकरीण
पोस्ट माझी नाही, पण मी सशांचंच काम करते म्हणून बोलते. ससा ओकू शकत नाही. दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर जीव जाऊ शकतो. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात गाय-बकरीची सवय. कोणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक दिलं तर ससा मरू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल लावलं तरी तेच. आणि बांधावरची हरळी म्हणता? शेजारी कपाशीवर काय फवारता ते सांगा ना. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, सशाचं काय घेऊन बसलात?

कपाशीवाला
फवारणीचं आम्हाला शिकवू नका. त्यात आमची माणसं गेली, तुमची नाही.

रोहीग्रस्त
अरे बावा, ससे वाचवून रायले काय? माह्या सोयाबीनचे कोंब रातभर ससेच खाऊन रायले. वरून रोही (नीलगाय), वरून डुकरं. जागलीवर बसा अन् सकाळी पंचनाम्यासाठी फोन करत बसा. इकडं शेतकरी मरून रायला अन् तुमचं सशाचं लग्न!

बांधावरची
भाऊ, रानातला ससा वेगळा, हा वेगळा. रानातल्याचं पिल्लू केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतं. पाळीव सशाचं उघडं, आंधळं. दोघांची वीणही होत नाही. रानातला धरून पाळाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा.

रोहीग्रस्त
कायदा त्याले हाय, मले नाई. तेच तं सांगून रायलो. कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी चोरीले गेली, त्याचा कायदा सांगा.

बांधावरची
बॅटरीचा राग इथं कशाला? कुंपणाच्या अनुदानावर वेगळा धागा काढा, मीही चार शिव्या घालीन. आमचा हरभरा डुकरांनी असा नांगरला की पेरणीचा खर्च निघाला नाही.

रोहीग्रस्त
काढला होता. तिथं कोणी आलं नाई. सशाच्या धाग्यावर सारेच जमले.

वर्धेचा
एक प्रश्न. नसबंदी झालीच आहे तर वेगवेगळे द्या. एक मी नेतो, एक साळ्याला देतो.

दारव्ह्याची सून
मुळीच नाही! माझ्याकडं जोडी होती. मादीला पोटाच्या त्रासानं एकटीला दवाखान्यात ठेवलं. परत आणली तर नरानं तिला ओळखलं नाही, अंगावर धावून गेला, केस उपटले. अंगाला दवाखान्याचा वास ना. पुन्हा शेजारी-शेजारी पिंजरे, एकमेकांच्या बोऱ्यांची अदलाबदल, सगळं पहिल्यापासून. तेव्हापासून आजारी एक असला तरी दवाखान्यात दोघंही जातात. आणि हो, मी खेड्यातच राहते. फवारलेल्या शेताजवळचं गवत घालत नाही. परसात आमचं आम्ही लावतो.

नागपूरकरीण
बघा, असं घर असेल तर कोण नाही म्हणेल? पण शंभरात किती? लोक गाजर दाखवून फोटो काढतात आणि रोज तेच घालतात. सशाला मुख्य खाणं गवत. दात जन्मभर वाढतात, चावून झिजायला नकोत? आणि रात्री लाइट गेली की कूलर बंद. ससा घाम गाळत नाही, मुख्यतः कानांतून उष्णता सोडतो. ४५ अंशांत काय करणार?

कपाशीवाला
ओलं पोतं टाकू, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवू. तुमच्याकडं लाइट जात नाही का? की तिथं ससे लिफ्टनं खाली जाऊन झाडाखाली बसतात?

नागपूरकरीण
टोमणे पुरे. मधल्या खोलीचा फोटो पाठवा. दार रात्री बंद होतं का, मांजर-कुत्रं किती, सशांचा जाणकार डॉक्टर किती तासांवर, तेही लिहा. पोस्टमधली ती ओळ काढायला मी ताईंना सांगते. गावाचं नाव बघून नाही, घर बघून ठरवू.

कपाशीवाला
वा, केवढे उपकार! फोटो उद्या टाकतो. डॉक्टर अमरावतीलाच, म्हणजे दोन-अडीच तास. हे मात्र खरं आहे, लपवत नाही.

रोहीग्रस्त
आमचा पंचनामा व्हायले याच्याहून जास्त वेळ लागते.