पुढचा भाग बघायला गेलो आणि नुसते विनोद ऐकून आलो : तुमचेही अनुभव सांगा

सुईदोरा
कपाटाचा वरचा कप्पा आवरत होते, तर मागून पुठ्ठ्याचा हातोडा निघाला. चंदेरी कागद चुरगळलेला, मूठ म्हणजे जुन्या छत्रीचा दांडा. २०१७ साली हातोडेवाल्या देवाचा, थॉरचा 'थॉर : रॅग्नारॉक' बघून आल्यावर लेकाने केला होता, तेव्हा तो नऊ वर्षांचा. त्यात थॉरची दुष्ट बहीण हेला एका हाताने त्याचा हातोडा अडवते आणि त्याचा चुरा करते, आठवतंय? बाहेर पडताना हा गप्प. घरी येऊन म्हणाला, "त्याचा फुटला ना, मग मी नवा करून ठेवतो." विनोद त्या सिनेमातही पोतंभर होते हो. आम्ही हसून हसून लोळलो, तरी हातोडा फुटल्याचं त्याला लागलंच.

मग २०२२ ला थॉरचाच पुढचा भाग, 'लव्ह अँड थंडर'. सुरुवातीला वाळवंटात गॉर, म्हणजे यातला खलनायक, आपल्या मरणाऱ्या मुलीला घेऊन चाललेला असतो. ती जाते. ज्याची आयुष्यभर भक्ती केली तो देव भेटतो आणि याच्या तोंडावर हसतो. चौदा वर्षांच्या घोड्याने अंधारात माझं कोपर घट्ट धरलं. म्हटलं, आज रडूनच बाहेर पडणार आपण. पुढे थॉरची नाव ओढणारे बोकड आले. पहिल्यांदा किंचाळले तेव्हा मीही खिदळले. दुसऱ्यांदा, ठीक. नंतर बघते तर लेक पडद्याकडे न बघता बुटाची नाडी सोडतोय आणि बांधतोय. बाहेर आल्यावर म्हणाला, "गॉर पाहुण्यासारखा आला आणि गेला." हातोडा त्याच आठवड्यात कपाटावर चढला.

तुमचं आहे का असं काही? सवडीने लिहा, मी कपडे वाळत घालून येते.

रात्रपाळी
मला आवडला बुवा. दमून आलो होतो, दोन तास हसलो, घरी जाऊन झोपलो. प्रत्येक वेळी रडायलाच जायचं का? आणि थॉर पुन्हा जुळून आलेल्या जुन्या हातोड्याशी लाडीगोडी करतो तेव्हा त्याची नवी कुऱ्हाड हळूच बाजूने डोकावते, ते तर झकास. आमच्याकडे दोन मांजरं आहेत. एकीला कुरवाळलं की दुसरी अगदी तश्शीच येऊन उभी राहते.

जुनं_पाखरू
तुम्ही कालची पोरं. आम्ही हे १९८३ सालीच भोगलंय. 'सुपरमॅन ३'. आधीचे दोन भाग पाहून टॉवेल गळ्यात बांधून पलंगावरून उड्या मारणारी पिढी आमची. व्हिडिओ कॅसेट आणली, सगळे जमलो. नावं पडतायत आणि खाली रस्त्यावर धडपडीचा खेळ चालू! रस्त्यावरच्या फोन-बूथची रांग पत्त्यांसारखी कोसळते, खेळण्यातल्या पेंग्विनला आग लागते. मोठा भाऊ म्हणाला, कॅसेट चुकली. उठून खोकं तपासून आला.

पुढे रिचर्ड प्रायर. माणूस अस्सल विनोदवीर, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो पाठीला टेबलावरचं कापड बांधून, पायात स्की घालून उंच इमारतीवरून घसरतो आणि खाली रस्त्यावर धड उभा! मग उडणाऱ्या माणसाचं कौतुक ते काय राहिलं? नकली क्रिप्टोनाइट (सुपरमॅनला दुबळं करणारा दगड) बनवताना एक घटक सापडेना, तर गडी सिगारेटच्या पाकिटावर वाचून 'टार' लिहून मोकळा.

तरी त्यात भंगाराच्या आवारातली मारामारी आहे. बिघडलेला सुपरमॅन आणि साधा क्लार्क, म्हणजे त्याचंच रोजचं रूप, दोघं एकमेकांना भिडतात. तेवढ्या वेळात आमच्यातलं कोणी हूं की चूं केलं नाही. ती कॅसेट परत द्यायच्या आधी आम्ही तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन पाहिला.

सुईदोरा
"कॅसेट चुकली" 😂 काका, तुम्ही जिंकलात.

ओलीमाती
मी जरा वेगळं लिहिते, चालेल ना? 'लव्ह अँड थंडर' मी मोठ्या बहिणीबरोबर पाहिला. तिची केमो संपून चार महिने झाले होते. थॉरची जुनी मैत्रीण जेन, तिला कॅन्सर आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, कोणी सांगितलंच नव्हतं. जेन केमोच्या खुर्चीत बसून शेजारच्या रुग्णाला वर्महोल (अवकाशातला जवळचा बोगदा) समजावते, तिथे माझा श्वास अडकला. ताई मात्र हसली. म्हणाली, "अगं, असंच असतं. मीपण शेजारच्या बाईला तिच्या विणकामातल्या चुका दाखवायचे."

म्हणजे तो विनोद खरा होता. आजारी माणसं करतात थट्टा, आम्ही तर सुईवरूनसुद्धा केलीय. पुढे कळतं की हातोडा उचलला की हिची ताकद जाते, केमोचा उपयोग होत नाही. ताई पुढे सरकून बसली. आणि त्याच जेनला मारामारीत फेकायला एखादं झकास वाक्य हवं असतं, ते जुळवण्याची गंमत पुन्हा पुन्हा. लोक हसत होते. ताई मागे टेकली ती शेवटपर्यंत. घरी येताना तिने विषयच काढला नाही, मीही नाही.

सुईदोरा
ताई कशा आहेत आता?

ओलीमाती
मस्त. आत्ता माझ्याच खांद्यावरून वाचतेय आणि म्हणतेय की बाईच्या चुका खरंच फार होत्या.

पानउलट्या
कॉमिक वाचलेल्यांचं दुःख कोणाला सांगावं! लेखक जेसन आरनने २०१२ मध्ये थॉरच्या कॉमिकमध्ये गॉर आणला, तो एकेक देव शोधून मारत जातो, आणि वाचताना आपल्याला वाटतं की याचं काही चुकतंय का? २०१४ पासून जेनच्या हाती हातोडा, तीही त्याच लेखकाची. दोन्ही गोष्टी एकेकट्या सिनेमाभर पुरतील अशा. इथे दोन्ही दोन तासांत कोंबल्या, उरलेल्या फटींत बोकड. देव मारणारा म्हणून ज्याची एवढी भीती घालतात, तो पडद्यावर मारतो किती देव? गॉर करणारा क्रिश्चन बेल जीव ओतून काम करतोय बिचारा. त्या सावल्यांच्या जगात, जिथे रंगच नाहीत, तिथे मी खरोखर घाबरलो होतो.

नुसतंच_वाचते
बोकडांना नावं ठेवू नका हं, ते जुनेच आहेत. नॉर्स पुराणकथांत थॉरचा रथ दोन बोकडच ओढतात. तो रात्री त्यांनाच कापून जेवतो आणि सकाळी हातोडा फिरवून जिवंत करतो. एकदा कोणी तरी मांडीचं हाड फोडलं, तर एक बोकड लंगडा उठला.

रात्रपाळी
मग किंचाळतील नाही तर काय!

थंडगार
'बॅटमॅन अँड रॉबिन', १९९७. त्यातला खलनायक मिस्टर फ्रीझ प्रत्येक वाक्यात बर्फ नाही तर थंडी घालतो. माझं इथलं नाव तिथूनच. बॅटमॅन स्वतःचं क्रेडिट कार्ड काढतो तेव्हा बाबा उठून बाहेर गेले, ते गाडीतच सापडले. वाईट कशाचं वाटतं, तर १९९२ च्या कार्टून मालिकेत याच फ्रीझची बायको गोठवून ठेवलेली गोष्ट अशी काही सांगितली होती की आम्ही बहीण-भाऊ बोलेनासे झालो होतो. सिनेमात बायको तीच, बर्फही तोच. त्यानंतर बॅटमॅनचा पुढचा सिनेमा थेट २००५ ला आला. बॅटमॅन झालेला क्लूनी तर अजून माफी मागत फिरतो.

पानउलट्या
थॉर करणाऱ्या हेम्सवर्थनेही २०२४ मध्ये मुलाखतीत कबूल केलं की ऐनवेळच्या गमतीजमतीत तो वाहवत गेला आणि स्वतःचीच नक्कल होऊन बसला. थॉरचा दगडी मित्र कॉर्ग, त्याचा आवाज तर दिग्दर्शकाचाच, म्हणजे गोष्ट सांगणारा तो, हसवणारा तो. थांबवणार कोण?

घाईगडबड
सगळं वाचलं नाही, फोन ५ टक्क्यांवर आहे. बोकड एकूण किती वेळा ओरडतात हे कोणी मोजलंय का?

थंडगार
मोजायला बसलो होतो. झोप लागली. बोकडानेच उठवलं.

सुईदोरा
लेक आला आत्ता. हातोडा दाखवला, सगळ्यांचं वाचूनही दाखवलं. विचारलं, ठेवू की टाकू? हातात घेऊन दोनदा फिरवला, म्हणाला, "छत्रीचा दांडा काढून घे, बाकी टाक." आता दांडा निघत नाहीये. नऊ वर्षांच्या पोराने किती डिंक ओतलाय आत!

जुनं_पाखरू
गरम पाण्यात बुडवून ठेव. पुठ्ठा जाईल, दांडा राहील.

ओलीमाती
थांबा, ताई विचारतेय, ती छत्री आहे का अजून?